विस्थापितांची पुस्तके आणि लाभक्षेत्रातील वाचक : चार ग्रंथांच्या वाचनाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात प्रथम उमटते ते त्याचे वैयक्तिक मत. पुस्तक आवडले, आवडले नाही, पटले, खटकले, अशा साध्या शब्दांत ते व्यक्त होते. मराठी समीक्षाव्यवहाराने या मताकडे बराच काळ संशयाने पाहिले आहे. आवडनिवड ही समीक्षेची सुरुवात असू शकते, पण समीक्षा नव्हे, अशी भूमिका महाविद्यालयीन अध्यापनातही रूढ आहे. ही भूमिका चुकीची नाही. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. वाचक कोठे राहतो, त्याच्या घरात पाणी कोठून येते, त्याचे पोट कशावर चालते, या बाबींचा त्याच्या मताशी संबंध असतो. मत वैयक्तिक असते, पण ज्या भूमीवरून ते दिले जाते ती भूमी वैयक्तिक नसते.

प्रस्तुत लेखात विस्थापनाशी संबंधित चार मराठी पुस्तकांविषयीच्या वाचकमतांचा विचार केला आहे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' या दोन कादंबऱ्या, राजेंद्र व्होरा यांचा 'मुळशी सत्याग्रह' (१९९४) हा अभ्यासग्रंथ, आणि पी. साईनाथ यांच्या १९९६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हेमंत कर्णिक यांनी केलेला 'दुष्काळ आवडे सर्वांना' हा अनुवाद, ही ती चार पुस्तके होत. यांतील एकही पुस्तक अगदी नवे नाही. नवे आहे ते वाचनाचे स्थान. ही पुस्तके इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीसारख्या गावात बसून वाचली, तर ती कशी वाचली जातात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

वाचकाचे स्थान

बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. पानवेल हे नाजूक पीक आहे. तिला सावली लागते आणि नियमित पाणी लागते. दोन-तीन पाळ्या चुकल्या तर मळा राहत नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील गावात असे पीक टिकून राहिले, यातच त्या गावाचे पाण्याशी असलेले नाते स्पष्ट होते.

या परिसरातील सिंचनाचा इतिहास शतकाहून जुना आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८५ साली तो सुरू झाला. हा कालवा बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जातो. त्याला आधार देणारे भाटघर धरण भोर तालुक्यात आहे. म्हणजे येथील ऊस, केळी आणि चारा ज्या पाण्यावर उभा राहिला, ते पाणी सह्याद्रीच्या कुशीतील दुसऱ्या तालुक्याच्या जमिनीवर साठविले गेले.

दुसरीकडे भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परंतु त्याच्या जलाशयाचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत या तालुक्यांत पसरला. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या या यशवंतसागर जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील नदीकाठची सुपीक गावे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर पाण्याबाहेर येते आणि ते पाहण्यासाठी लोक गर्दी करतात. त्याच फुगवट्यातून पाइपलाइनने पाणी उचलून तालुक्यात उसाचे मळे उभे राहिले.

इंदापूर तालुक्याचे वैशिष्ट्य असे की, तो एकाच वेळी बुडीत क्षेत्रही आहे आणि लाभक्षेत्रही. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाच्या आजोबांचे घर पाण्याखाली असू शकते आणि दुसऱ्याच्या शेतात तेच पाणी असू शकते. काही घरांत तर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. विस्थापनाविषयीची पुस्तके अशा ठिकाणी वाचणे म्हणजे दूरच्या दुःखाविषयी वाचणे नव्हे.

'झाडाझडती' : कागदपत्रांचे जग सांगणारी कादंबरी

'पानिपत' (१९८८) या ऐतिहासिक कादंबरीनंतर विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांच्या प्रश्नावर 'झाडाझडती' लिहिली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. जांभळी या गावाचे उठणे, खैरमोडे गुरुजींची धडपड, नुकसानभरपाईच्या रकमेमागे लागलेले दलाल, कचेऱ्यांतील हेलपाटे आणि वसाहतीत झालेली माणसांची परवड असा या कादंबरीचा विस्तृत पट आहे. प्रशासकीय सेवेत काम केलेल्या लेखकाचा अनुभव तिच्या पानापानांत जाणवतो.

या कादंबरीचे सर्वांत मोठे सामर्थ्य तिच्या तपशिलात आहे. संपादनाची नोटीस कशी येते, संकलन यादीत नाव कसे लागते आणि कसे सुटते, मिळालेली रक्कम घरात येण्यापूर्वीच कोठे कोठे वाटली जाते, हे येथे घटनांमधून कळते. पुनर्वसन हा शब्द शासकीय परिपत्रकात जितका निर्जीव वाटतो, तितकाच येथे तो माणसे उद्ध्वस्त करणारा शब्द म्हणून उभा राहतो. एखादा कायदा वाचून त्याचा माणसाच्या आयुष्यातील अर्थ कळत नाही. ही कादंबरी वाचून तो कळतो.

असे असले तरी वाचकाच्या मनात काही आक्षेप निर्माण होतात. पहिला आक्षेप असा की, दुःखाचे प्रसंग एकापाठोपाठ एक इतक्या वेगाने येतात की, एका टप्प्यानंतर वाचक हादरत नाही; तो पुढच्या आघाताची वाट पाहू लागतो. दुसरा आक्षेप पात्रचित्रणाविषयीचा आहे. भ्रष्ट अधिकारी, पुढारी आणि दलाल बोलण्याआधीच ओळखू येतात. खैरमोडे गुरुजींच्या वाट्याला लेखकाचा युक्तिवाद मांडण्याचे काम इतके आले आहे की, त्यांचे स्वतःचे चुकणे, डळमळणे यांना पुरेसा अवकाश मिळत नाही.

तिसरा मुद्दा प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने, आणि पुढे १९८६ व १९९९ च्या अधिनियमांनी, एक तत्त्व स्वीकारले. धरणाच्या लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची काही जमीन घेऊन ती धरणग्रस्तांना द्यावी, असे ते तत्त्व होय. ज्याला पाणी मिळाले त्याने जमिनीचा वाटा द्यावा, हा त्यामागील न्याय. या तत्त्वाची प्रत्यक्षात झालेली कोंडी 'झाडाझडती' दाखविते. लाभक्षेत्रातील बडे जमीनदार धरणग्रस्तांना शेतात पाय ठेवू देत नाहीत, हे चित्र कोणत्याही लाभक्षेत्रातील वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. पण या कादंबरीतील लाभधारक समोरच्या बाजूस उभा असलेला विरोधक म्हणूनच येतो. त्याच्या घरात कादंबरी शिरत नाही. त्यामुळे तालुक्यातील दोन-तीन एकरांचा साधा बागायतदार हे पान उलटताना सहज म्हणू शकतो, की हे वर्णन बड्यांचे आहे, आपले नाही. कादंबरीने त्याला ही पळवाट ठेवली आहे.

'रिंगाण' : मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट

'गावठाण' या पहिल्या कादंबरीपासून कोल्हापूर परिसरातील गावजीवनाचा शोध घेणाऱ्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीस २०२३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. 'झाडाझडती'चा पट जितका मोठा, तितका 'रिंगाण'चा लहान आहे. गाव उठले, माणसे नव्या जागी गेली, जनावरे मागे राहिली. देवाप्पा मागे राहिलेल्या आपल्या म्हशीला आणायला जुन्या मुलखात परत जातो. पण मधल्या काळात म्हैस रानाची झाली आहे. ती आता माणसाला आपले मानायला तयार नाही. एवढ्याशा कथासूत्रावर ही कादंबरी उभी आहे.

विस्थापनावरील बहुतेक लेखनात विस्थापित हा केवळ अन्याय सोसणारा असतो. 'रिंगाण'मध्ये त्याच्या पदरी स्वतःचाही अपराध आहे. त्याने मुक्या जिवाला मागे टाकले आहे. शासनाने त्याच्याशी जे केले, तेच त्याने जनावराशी केले. ही जाणीव कादंबरीत हळूहळू उलगडत जाते आणि म्हणूनच ती परिणामकारक ठरते. म्हशीचे रानटी होणे हे निव्वळ प्रतीक राहत नाही. जनावर पाळणाऱ्या कोणत्याही घरातील वाचकाला त्यातील शारीरिक सत्य पटते. दावणीची सवय सुटलेले जनावर हाकेला येत नाही, हे त्याने अनुभवलेले असते. बोलीचा वापर हेही या कादंबरीचे बलस्थान होय. बोली येथे संवादापुरती उरत नाही. रान, वास, पाऊस आणि भीती यांचा अनुभवच बोलीतून घडत जातो.

या कादंबरीविषयीही मतभेदाला जागा आहे. देवाप्पाच्या मनातील आवर्तने काही ठिकाणी पुनरावृत्त होतात. जे म्हशीच्या एका नजरेतून कळलेले असते, ते पुन्हा विचारातून सांगितले जाते. त्याहून गंभीर बाब अशी की, धरण, शासन, संपादन, रक्कम हे सारे येथे धूसर पार्श्वभूमीत गेले आहे. हानी किती खोल आहे हे वाचकाला कळते, पण ती कोणी केली आणि तिचा लाभ कोणाला झाला, हे विचारण्यासाठी त्याच्या हाती काही लागत नाही. विस्थापन येथे पावसाळ्यासारखे, कोणी न आणता आलेले वाटू लागते. पाणी ज्याच्या शेतात गेले तो माणूस या कादंबरीच्या क्षितिजावरही फारसा नाही. 'झाडाझडती' लाभधारकाला विरोधक करते. 'रिंगाण' त्याला अदृश्य करते.

'मुळशी सत्याग्रह' : पराभवाचे विश्लेषण

मुळशीचा लढा हा पुणे जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या आधारे घेण्यात आली. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत तो वेगवेगळ्या रूपांत चालला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा राज्यशास्त्रीय अभ्यास केला असून, धरणविरोधी चळवळींच्या इतिहासात त्याचे स्थान किती आरंभीचे आहे, हेही त्यांच्या लेखनामुळे अधोरेखित झाले.

या ग्रंथाचे मोल लढ्याच्या गौरवात नाही, तर त्याच्या पराभवाच्या विश्लेषणात आहे. मुळशीच्या बऱ्याच जमिनीवर पुण्यातील सावकारांची मालकी होती आणि मावळातील शेतकरी त्या कसत होते. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही गुंतवणूक होती. चांगला मोबदला मिळाला की प्रश्न सुटत होता. मावळ्याच्या दृष्टीने तो जगण्याचा प्रश्न होता. एका झेंड्याखाली आलेल्या या दोन गटांचे हितसंबंध वेगळे होते आणि लढा जसजसा लांबला, तसतशी ही फट रुंदावत गेली. 'आपण सारे विरुद्ध सरकार' या सोप्या चित्राला व्होरा यांनी दिलेला हा छेद आजही उपयुक्त आहे. कोणत्याही आंदोलनाच्या व्यासपीठावर कोण बसले आहे आणि कोणाची जमीन जात आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे हा ग्रंथ शिकवितो.

मर्यादा सांगायची तर ती साधनांची आहे. या लढ्याविषयीचे लेखन प्रामुख्याने शिकलेल्या नेत्यांनी, वृत्तपत्रांनी आणि शासनाने केले. साहजिकच विश्लेषण जेथे नेत्यांच्या भूमिकांविषयी आहे तेथे ते सघन होते, आणि जेथे मावळ्यांच्या मनाविषयी आहे तेथे विरळ होते. गाव उठले त्या रात्री घरात काय बोलले गेले, हे या ग्रंथात शोधू नये. ते त्याचे काम नाही. तथापि लाभ कोणाला झाला, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. अर्थात शतकापूर्वीची कंपनी आणि दूरचे शहर यांच्याकडे बोट दाखविणे आजच्या वाचकाला सोपे जाते. त्यात त्याचे स्वतःचे काही पणाला लागत नाही.

'दुष्काळ आवडे सर्वांना' : वार्तापत्रातील कथा

पी. साईनाथ यांनी १९९० च्या दशकात तामिळनाडू, बिहार, ओडिशा आणि मध्य प्रदेश या राज्यांतील अतिगरीब जिल्ह्यांत फिरून जी वार्तापत्रे लिहिली, त्यांचा हा संग्रह आहे. पलामू भागात दुष्काळी मदतीलाच 'तिसरी फसल' म्हणतात, कारण ती खरीप-रब्बीप्रमाणे कोणीतरी नियमाने कापून नेते, हे निरीक्षण या पुस्तकाचा गाभा सांगते. उपरोध हे साईनाथ यांचे मुख्य शस्त्र आहे. अनुवादकाने शीर्षकापासूनच तो उपरोध मराठीत उभा केला आहे.

या पुस्तकातील दोन वार्तापत्रे इंदापूर-बारामतीच्या वाचकाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले ओडिशातील नुआपाडा जिल्ह्यातील कोमना भागातील गायींच्या योजनेविषयी आहे. संकरित जनावरांची पैदास वाढावी म्हणून स्थानिक खरियार जातीचे वळू खच्ची करण्यात आले आणि चाऱ्यासाठी सुबाभूळ लावण्यात आली. संकरित वासरे मोजकीच जन्मली, दूध वाढले नाही, सुबाभूळ टिकली नाही आणि स्थानिक जात मात्र हातची गेली. बारामती-इंदापूर पट्ट्यातील वाचकाला ही हकिगत प्रथम अविश्वसनीय वाटते, कारण त्याच्या दारात संकरित गाय उभी असते आणि दूधसंकलन केंद्र हा त्याच्या दिनक्रमाचा भाग असतो. येथे जी योजना यशस्वी झाली ती तेथे का फसली, असा प्रश्न त्याला पडतो. उत्तर शोधताना त्याच्या लक्षात येते की, येथील यश केवळ कष्टाचे आणि हुशारीचे नव्हते. कालव्याचे पाणी, त्यावरचा हिरवा चारा, रस्ता आणि बाजारपेठ यांचे ते यश होते. आपल्या गुणांचे मानलेले फळ अंशतः दुसऱ्याच्या जमिनीवर साठलेल्या पाण्याचे असते, ही जाणीव नुआपाड्याच्या वार्तापत्रातून निमगावच्या वाचकाला होते, हे या पुस्तकाचे यश मानावे लागेल.

दुसरे वार्तापत्र कोरापुट जिल्ह्यातील चिकापार या गावाचे. हे गाव प्रथम १९६८ साली मिग विमानांच्या कारखान्यासाठी उठविले गेले. लोकांनी नव्या जागी वस्ती केली आणि तिलाही चिकापार हेच नाव दिले. पुढे तेथूनही त्यांना उठावे लागले, आणि मग तिसऱ्यांदा उठण्याची टांगती तलवार आली. गाव नेता येत नाही म्हणून गावाचे नाव सोबत नेणे, ही एकच कृती शेकडो पानांच्या अहवालापेक्षा अधिक बोलते.

आक्षेप घ्यायचा तर तो वार्तापत्राच्या आकृतिबंधावर घ्यावा लागेल. प्रत्येक माणूस दोन-तीन पानांपुरता येतो आणि निघून जातो. त्याचे पुढे काय झाले, हे कळत नाही. शिवाय सततच्या उपरोधामुळे वाचक लेखकाच्या बाजूला उभा राहून शासनयंत्रणेला हसू लागतो. हसणाऱ्याला स्वतःकडे पाहण्याची निकड उरत नाही.

ललित आणि ललितेतर : सीमारेषेचा प्रश्न

ग्रंथालयाच्या मांडणीत या चार पुस्तकांपैकी दोन कादंबरीच्या कपाटात, एक इतिहास-राज्यशास्त्राच्या आणि एक समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या कपाटात जाते. मराठी विभागाचा विद्यार्थी शेवटच्या दोन पुस्तकांपर्यंत पोहोचत नाही आणि सामाजिक शास्त्रांचा विद्यार्थी पहिल्या दोन वाचत नाही. त्यातही दोन्ही कादंबऱ्यांवर 'ग्रामीण' हे विशेषण लावून त्यांना त्या प्रवाहाच्या चौकटीत बसविले की, अध्यापनाचे काम संपल्यासारखे होते.

ललित लेखन भावना देते आणि ललितेतर लेखन माहिती देते, ही प्रचलित समजूत या चार पुस्तकांच्या वाचनातून टिकत नाही. कायद्याची आणि कचेरीची सर्वाधिक माहिती येथे एका कादंबरीतून, 'झाडाझडती'मधून मिळते. गाव सुटण्याची सर्वांत मर्मभेदक प्रतिमा, नव्या वस्तीला दिलेले जुने नाव, वार्तापत्रातून येते. देवाप्पा म्हैस परत आणायला जातो आणि चिकापारचे लोक नाव सोबत नेतात, या दोन कृती एकमेकींच्या शेजारी ठेवल्या तर एक काल्पनिक आणि एक घडलेली आहे, एवढाच फरक उरत नाही. एका कृतीत मागे राहिलेले परत मिळत नाही हे कळते. दुसरीत पुढे नेलेलेही सुरक्षित नसते हे कळते. व्होरा यांचा ग्रंथ वाचल्यानंतर 'झाडाझडती'कडे परत गेले, तर धरणग्रस्तांमधील आपसांतील हितसंबंधांचे प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागतात. ही पुस्तके एकत्र वाचली असता एकाची उणीव दुसरे उघड करते. स्वतंत्रपणे वाचली असता प्रत्येक पुस्तक स्वयंपूर्ण असल्याचा भास होतो.

न लिहिलेला लाभधारक

वाचनप्रक्रियेचा विचार मांडणारे जर्मन अभ्यासक वोल्फगँग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांना महत्त्व दिले. लेखक जे सांगत नाही ते वाचक भरून काढतो आणि त्यातून अर्थ घडतो, अशी ही मांडणी आहे. प्रस्तुत चार पुस्तकांतील समान रिकामी जागा म्हणजे सामान्य लाभधारक. बडा जमीनदार, कंपनी, दलाल, अधिकारी यांची चित्रे येथे आहेत. पण रात्री दोन वाजता विजेरी घेऊन पाण्याची पाळी धरायला जाणारा, दीड-दोन एकर ऊस असलेला, कर्जाचे हप्ते भरणारा आणि आपल्या शेतातील पाणी कोणाच्या गावावरून आले याचा कधी विचार न केलेला शेतकरी या पुस्तकांत जवळजवळ नाही. तो दुष्ट नाही. त्याने कोणाचे गाव उठविले नाही. परंतु उठलेल्या गावाचा लाभ त्याला मिळालेला आहे.

या रिकाम्या जागेचा प्रश्न इंदापूर तालुक्यात केवळ साहित्यिक राहत नाही. २०२१ साली उजनी जलाशयातून इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा आदेश निघाला. सोलापूर जिल्ह्यात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि तो आदेश रद्द करण्यात आला. त्या वादात इंदापूरच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार केला गेला : धरणात जमिनी आमच्या गेल्या, मग पाणी आम्हाला का नाही? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यातील 'आम्ही' कोण, हा व्होरा यांनी मुळशीच्या संदर्भात उपस्थित केलेला प्रश्न येथेही विचारावा लागतो. ज्यांच्या जमिनी बुडाल्या आणि ज्यांच्या शेतांना पाणी मिळणार होते, ती माणसे प्रत्येक वेळी एकच होती असे गृहीत धरता येत नाही. बुडालेल्या गावाचे दुःख ही तालुक्याची सामाईक मालमत्ता मानून त्याच्या आधारे मागणी करणे सोपे असते. त्या दुःखाचा वाटा प्रत्यक्ष कोणाच्या पदरी आला, हे तपासणे अवघड असते. आणि हाच युक्तिवाद मान्य केला, तर भोर तालुक्यातील बुडीत गावांचा नीरा कालव्याच्या पाण्यावरील हक्क बारामती-इंदापूरच्या लाभधारकाने कितपत मान्य केला, असाही प्रश्न ओघाने येतो.

अशा वाचकाच्या मताला समीक्षेत स्थान कोणते, याचे उत्तर येथे मिळू शकते. 'झाडाझडती' वाचून डोळे पाणावले, हे मत प्रामाणिक असते, पण ते अपुरे असते. आपण कालव्याच्या कोणत्या बाजूला उभे राहून ती वाचली, हे सांगितल्यावर त्या मताला वजन येते. सहानुभूती बाळगणाऱ्या वाचकाला काही गमवावे लागत नाही. स्वतःला त्या हिशेबात धरणाऱ्या वाचकाला आपल्या सुबत्तेविषयीच्या काही समजुती सोडाव्या लागतात.

निष्कर्ष

१. 'झाडाझडती' व 'रिंगाण' या कादंबऱ्या विस्थापनाच्या दोन भिन्न बाजू प्रकट करतात. पहिली विस्थापनाची यंत्रणा दाखविते, दुसरी त्याचा अंतर्गत व्रण दाखविते. कलात्मकदृष्ट्या 'रिंगाण' अधिक सखोल आहे. सामाजिक जबाबदारीचा प्रश्न 'झाडाझडती' अधिक ठामपणे विचारते.

२. 'मुळशी सत्याग्रह' व 'दुष्काळ आवडे सर्वांना' ही ललितेतर पुस्तके वरील कादंबऱ्यांची पूरक साधने म्हणून वाचणे पुरेसे नाही. कादंबऱ्यांनी न विचारलेले प्रश्न ती विचारतात, म्हणून ती त्यांच्या बरोबरीने वाचली पाहिजेत.

३. चारही पुस्तकांत सामान्य लाभधारकाचे चित्रण नाही. मराठी साहित्याने धरणाच्या वरच्या अंगाचे जीवन लिहिले. धरणाच्या खालच्या अंगाचे, पाणी मिळालेल्या आणि त्या पाण्याचे ऋण विसरलेल्या माणसाचे, अंतरंग तितक्या गांभीर्याने या पुस्तकांत आलेले नाही. मराठी कादंबरीपुढील हा एक खुला विषय होय.

४. पदवी स्तरावरील अध्यापनात एका कादंबरीसोबत त्याच विषयावरील एक ललितेतर पुस्तक नेमावे. इंदापूर, बारामती, भोर, मुळशी या तालुक्यांतील महाविद्यालयांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील ज्येष्ठांकडून बुडालेल्या गावांच्या आणि आलेल्या पाण्याच्या, अशा दोन्ही आठवणी नोंदवून घेतल्यास त्या पुस्तकांवरील त्यांची मते केवळ ऐकीव राहणार नाहीत. उजनीपूर्वीचे गाव प्रौढपणी पाहिलेली पिढी आता मोजकीच उरली असल्याने हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

५. वाचकाचे वैयक्तिक मत समीक्षेच्या बाहेरचे नाही. वाचकाने आपले स्थान लपविले नाही आणि पुस्तकाने त्या स्थानावर घेतलेला आक्षेप ऐकून घेतला, तर ते मत समीक्षेच्या पातळीवर पोहोचते. निमगाव केतकीच्या पानमळ्यात चारीने येणारे पाणी आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे पळसदेवचे मंदिर या दोन्ही गोष्टी एकाच वाचनात धरून ठेवता येणे, ही या चार पुस्तकांची या परिसरातील वाचकाकडून असलेली मागणी आहे.